दांडीचा गिलास आपलाच

वऱ्हाडात सध्या एक मत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं. लग्नाच्या स्वागत समारंभात, भांड्यांच्या दुकानात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीत ते कानावर पडतं. मत असं: उंच दांडीवर उभा असलेला काचेचा पेला ही साहेबाची वस्तू. आपल्या मातीत ती कधी नव्हती, म्हणून तिला मराठीत नाव नाही आणि असायचं कारणही नाही. ‘गॉब्लेट’ म्हणा, ‘वाइन ग्लास’ म्हणा, ‘शॅम्पेन फ्लूट’ म्हणा; ते जमत नसेल तर त्या वस्तूच्या वाटेला जाऊ नका. अमरावतीला जवाहर गेटच्या आत किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर एखादी खेड्यातली बाई ‘भाऊ, थो दांडीचा गिलास दाखवा बरं’ म्हणाली, की शेजारच्या शिकलेल्या गिऱ्हाइकाला हसू येतं. आणि याच्या जोडीला दुसरा आवाज असतो, तो सोवळ्याचा: हे दारूचं भांडं आहे, गाडगेबाबांच्या आणि तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात ते पंगतीत दिसणं हीच लाजेची गोष्ट.

हसणारा आणि नाक मुरडणारा, दोघं एकमेकांचे विरोधक दिसतात. पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, की ही वस्तू परकी आहे आणि तिचं नावही परकंच असणार. ते गृहीतच मला मान्य नाही. त्याला ना इतिहासाचा आधार आहे, ना भाषेचा, ना साध्या व्यवहाराचा.

आधी वस्तूचं बघू. नर्मदेच्या काठी महेश्वरच्या समोर नावडातोली आहे. १९५० च्या दशकात ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं विद्यापीठ यांनी तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातल्या त्या वसाहतीत रंगवलेल्या मातीचे पेले मिळाले, आणि त्यांत दांडीवर, पसरट बैठकीवर उभे असलेले पेलेही होते. काळ सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. ज्या संस्कृतीची ही भांडी, तिला पुरातत्त्वज्ञ माळवा संस्कृती म्हणतात, आणि ती नर्मदेपाशी थांबली नाही. ती महाराष्ट्रात उतरली. दायमाबादला, इनामगावला तिच्या वसाहती सापडल्या. आपल्या अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला १९८४-८५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम केलं, तेव्हा तिथेही माळवा आणि जोर्वे परंपरेची भांडी निघाली. चाकावर माती चढवून, पेल्याचं पोट वेगळं आणि पाय वेगळा घडवून, दोन्ही जोडून भट्टीत भाजणं हे सोपं काम नाही. त्या परंपरेतल्या कुंभाराला ते येत होतं.

यावर एक आक्षेप येतो. सांकळियांनी स्वतःच नावडातोलीच्या या पेल्यांचं नातं इराणमधल्या भांड्यांशी जोडलं होतं, मग परकेपणा सिद्धच झाला की! साडेतीन हजार वर्षांपूर्वी आलेली वस्तू परकी ठरवायची असेल, तर मिरची, बटाटा, टमाटा, भुईमूग यांचं काय करायचं? हे सगळे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज इथे येण्याआधी आपल्याकडे त्यांतलं काही नव्हतं. आज मिरचीवाचून वऱ्हाडी जेवण होत नाही. पाचशे वर्षांत मिरची आपली होते आणि साडेतीन हजार वर्षांत दांडीचा पेला आपला होत नाही, हा कुठला हिशेब?

‘साहेबाची वस्तू’ म्हणणाऱ्यांनी साहेबाचा इतिहासही पाहायला हवा. इंग्लंडमध्ये दांडीचे काचपेले कितीतरी काळ व्हेनिसहून येत. तिथल्या मुरानो बेटावरच्या कारागिरांची ती विद्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने शिसं घातलेली काच तयार केली, तेव्हा कुठे इंग्रजी पेल्याला स्वतःचं रूप आलं. पुढे १७४५ मध्ये काचेच्या वजनावर कर बसला आणि कारागिरांनी पेले हलके करायला घेतले. म्हणजे इंग्रजांनीही ही वस्तू दुसऱ्याकडून घेतली, आपल्या गरजेप्रमाणे बदलली आणि आपली म्हटली. त्यांना कुणी विचारलं नाही, तुमच्या आजोबांच्या घरी ही होती का? आपणच आपल्याला हा प्रश्न का विचारत बसतो?

आणि काचेचंच म्हणाल, तर तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी १९१६ मध्ये कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. स्वदेशीच्या त्या माणसांना काच परकी वाटली नाही. त्यांनी ती फुंकायला शिकून घेतली.

आता घरात या. देवघरात निरांजन आहे. त्याचं रूप नीट पाहा: वर वाटी, मधे दांडी, खाली पसरट बैठक. समई पाहा: तीच रचना, फक्त उंच. अत्तरदाणी, गुलाबदाणी, धुपाटणं, सगळी दांडीवर उभी. ज्या घरात रोज संध्याकाळी दांडीचं भांडं हातात धरून आरती होते, त्या घराला दांडीचा पेला अनोळखी कसा? निरांजनाला दांडी असते ती शोभेसाठी नाही. वरच्या ज्योतीची धग हाताला लागू नये म्हणून असते. पेल्याची दांडी तेच काम उलट्या दिशेने करते, हाताची ऊब वरच्या थंड पेयाला लागू देत नाही. तत्त्व एकच आहे आणि ते आपल्या तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

या जागी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण ‘नुसता दिखावा’ हा आरोप इथेच होतो. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना पारा पंचेचाळिशीच्या वर जातो म्हणजे काय हे सांगायला नको. माठातलं पाणी, बर्फ घातलेलं कैरीचं पन्हं, वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा थंड रस. हे सरळ गिलासात घेतलं की पूर्ण पंजा भांड्याला चिकटतो. तळहाताची त्वचा साधारण तेहतीस-चौतीस अंशांची, रस आठ-दहा अंशांचा. काच मधे पातळ. हाताची उष्णता सरळ रसात उतरते. भोवतालची हवा तापलेली असते हे खरं, तीही पेय गरम करणारच. पण हवेतून उष्णता सावकाश जाते आणि चिकटलेल्या पंजातून भराभर. दांडी धरली की त्यातला पंजाचा वाटा जवळजवळ जातो. पावसाळ्यात हवा दमट झाली की थंड गिलासाला बाहेरून घाम सुटतो, हात ओला होतो, भांडं निसटतं; दांडी मात्र कोरडी राहते. ज्या प्रदेशात उन्हाळा असा जाळतो, तिथेच या आकाराला जास्त अर्थ आहे. लंडनच्या गारठ्यात दांडी हवी आणि अकोल्याच्या उन्हात नको, असं म्हणणाऱ्याने दोन्हीकडचा उन्हाळा काढून पाहावा.

दारूचा आरोप यापेक्षा गंभीर आहे, कारण त्यामागे खरं दुःख आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत दारूने बुडालेली घरं आहेत आणि त्या घरांतल्या बायकांचा संताप मी क्षणभरही कमी लेखत नाही. म्हणूनच विचारतो: ती घरं कोणत्या भांड्याने बुडाली? देशीची बाटली दांडीच्या पेल्यात ओतली जाते का? ती स्टीलच्या गिलासात, प्लास्टिकच्या डिस्पोजलमध्ये, नाहीतर थेट तोंडाला लावून संपते. मोहाची पानांच्या द्रोणातूनही प्याली जाते. मग द्रोण पापी ठरवायचा का? तोच द्रोण पंगतीत वरण वाढायला ठेवतो आपण. स्टीलच्या गिलासाला कुणी दारूचं भांडं म्हणत नाही, आणि जे भांडं दारुड्याच्या हाती सहसा येतच नाही त्याच्यावर शिक्का, हा न्याय झाला का?

गाडगेबाबांचं नाव घेऊन हे बोललं जातं याची मला खंत आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाचं नावच भांड्यावरून पडलं. त्यांच्याजवळ मातीचं एक गाडगं असे. त्यातच खाणं, त्यातच पिणं. त्यांनी दारू सोडा म्हणून खेडोपाडी कीर्तनं केली, कर्ज काढून सण करू नका म्हटलं, देवापुढे बकरं कापू नका म्हटलं, शिवाशिव पाळू नका म्हटलं. त्यांचा झगडा व्यसनाशी होता, अज्ञानाशी होता. भांड्याच्या आकारावरून माणसाची किंमत करणं हा तर त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या विरुद्ध जाणारा उद्योग. त्यांच्या नावाने तो कसा करता?

आणि दांडीचं भांडं म्हणजे पापच असेल, तर शेजारच्या चर्चमध्ये डोकावा. अमरावती हा १९५५ पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे. मिस्सा चालू असताना वेदीवर धर्मगुरू जे पात्र दोन्ही हातांनी उंचावतो, ते दांडीचंच असतं, आणि मराठी बायबल ख्रिस्ताच्या पात्राला ‘प्याला’ म्हणतं. वऱ्हाडातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना हा शब्द पवित्र आहे. त्यांची मराठी आपल्या मराठीत धरायची की नाही?

आता शब्दांकडे. ‘मराठीत यासाठी शब्दच नाही’ हे वाक्य अमरावती जिल्ह्यात उभं राहून म्हणणं मला सहन होत नाही. याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं ते तिथे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ या मातीत झाला. म्हणून मराठी भाषेचं विद्यापीठ रिद्धपूरला आलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा म्हटलं तेव्हा आपण पेढे वाटले. ज्या भाषेच्या वयाचा एवढा अभिमान, ती एका पेल्याला नाव देऊ शकत नाही?

नावं आहेत, आणि एकाहून अधिक आहेत. चषक हा शब्द घ्या. अमरकोशात चषक आणि पानपात्र ही एकाच वस्तूची नावं म्हणून शेजारी शेजारी आहेत. इसवी सनाच्या पाचव्या शतकात वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम, वाकाटकांची राजधानी होती. हे वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. त्या वाकाटकांच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची सोळावी-सतरावी लेणी कोरली गेली, आणि सतराव्या लेण्याच्या ओसरीत मद्याचा पेला हाती घेतलेलं राजघराण्यातलं जोडपं रंगवलेलं आहे. पिण्याचं पात्र, ते धरण्याची रीत आणि त्याचं नाव हे सगळं या प्रदेशाच्या दरबाराला ओळखीचं होतं.

‘चषक हा पुस्तकी शब्द, तो फक्त खेळातल्या बक्षिसाला शोभतो,’ असं सांगतात. मग हेच पाहा ना. विश्वचषक हा शब्द पानटपरीवरच्या माणसाला, शाळेतल्या पोराला, रिक्षावाल्याला कळतो. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर रोज चषक छापला जातो आणि त्याच अंकाच्या घरसजावटीच्या पानावर तेच रूप असलेली वस्तू ‘गॉब्लेट’ होते. एका पानावर चालणारा शब्द दुसऱ्या पानावर अवघड कसा झाला? जानेवारी २०१८ मध्ये विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. करंडक हाही मूळचा घरातल्या भांड्याचाच शब्द. तो जुना आहे, त्याऐवजी ‘ट्रॉफी’च म्हणा, असा हट्ट कुणी धरला नाही. शब्द वापरला की सोपा होतो. न वापरता त्याला अवघड म्हणणं हा त्या शब्दावरचा अन्याय आहे.

‘प्याला’ या शब्दावर दोन बाजूंनी हल्ला होतो. एक म्हणतो, तो फारसी, म्हणून काढून टाका. पण वऱ्हाडचा इतिहास फारसी काढून लिहिता येतो का? अचलपूरची इमादशाही, मग मोगल, मग १८५३ पर्यंत निजाम. बाळापूर, अचलपूर, कारंजा, अकोट इथल्या बाजारात शतकानुशतकं मराठी आणि दखनी शेजारी बसून बोलल्या. त्या सोबतीतून आलेला प्याला आता आपला आहे, जसा ‘बाजार’ आपला आहे, ‘हिशेब’ आपला आहे. भाषाशुद्धीच्या बाजूने माधव जूलियनांचं नाव घेतात, कारण १९३८ मध्ये त्यांनी भाषाशुद्धीचा कैवार घेणारं पुस्तक लिहिलं. पण १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध करणारेही तेच, आणि उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारेही तेच. १९२९ मध्ये एकदा, १९३१ मध्ये ‘द्राक्षकन्या’ म्हणून, १९४० मध्ये ‘मधुलहरी’ म्हणून. ज्या काव्यात पावलोपावली पेला भरतो आणि रिता होतो, ते काव्य मराठीत एकदा नाही तर तीनदा उतरलं. शब्दांचा दुष्काळ असता तर हे कसं घडलं असतं?

दुसरा म्हणतो, प्याला दारुड्याचा, नाटककार गडकऱ्यांनी तो बदनाम केला. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये विदर्भातच, सावनेरला वारले आणि त्यांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीने त्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. त्या नाटकाचं नाव महाराष्ट्राच्या जिभेवर शंभर वर्षं टिकलं आहे. मला यात शब्दाची बदनामी दिसत नाही, त्याचं बळ दिसतं. सॉक्रेटिसच्या आणि मीरेच्या हातातही आपण विषाचा प्यालाच देतो. मरण, भक्ती, व्यसन, ख्रिस्ताचं रक्त हे सगळं पेलणाऱ्या शब्दाला संत्र्याचा रस पेलणार नाही?

राहिला गिलास, ज्याला सगळ्यात जास्त हसतात. हसणाऱ्यांना वाटतं, बाईला ‘ग्लास’ म्हणता येत नाही. खरं असं आहे की ती आपल्या भाषेचा फार जुना नियम पाळते. जोडाक्षर फोडून मधे स्वर घालणं हा तो नियम. रत्नाचं रतन झालं, जन्माचा जनम झाला, धर्माचा धरम झाला, यत्नाचं जतन झालं. हे शब्द आपण ओव्या-अभंगांतून मान डोलवत ऐकतो. तोच नियम ग्लासला लावला की गिलास होतो. संतांनी केलं ते भाषेचं सौंदर्य आणि दर्यापूरच्या बाईने केलं ते अडाणीपण, हा भेद कुठून आला? ‘दांडीचा गिलास’ ही जोडणी तर मला फार नेमकी वाटते. वस्तूचा उपयोग आणि वस्तूचं वेगळेपण तीन शब्दांतही नाही, दोनच शब्दांत सांगून झालं. भांडेवाल्याला तेवढ्यावर बरोबर वस्तू काढून देता येते. याच रीतीने पुढचेही प्रकार सांगता येतात: उभा निमुळता, पसरट तोंडाचा, मोठ्या पोटाचा, आखूड दांडीचा. काठ, पोट, दांडी, बैठक हे शब्द कुठल्याही तांबटाच्या तोंडी आहेत. कोश उघडायचीही गरज नाही.

एका गोष्टीमुळे मला हे हसणं साधं वाटत नाही. कोण कोणत्या भांड्यातून पिणार, हा प्रश्न या प्रदेशात कधीच साधा नव्हता. हॉटेलच्या बाहेर वेगळी ठेवलेली कपबशी, वरून ओंजळीत ओतलेलं पाणी, हे सोसलेली माणसं आपल्यातच होती. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा लढा सुरू होता, पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. तो अन्याय केवढा आणि दुकानातलं हसू केवढं, हे मला कळतं. दोन्ही एका मापाचे नाहीत. पण भांडं पाहून, भांड्याचं नाव ऐकून माणसाची पायरी ठरवायची ही खोड त्याच घरातली आहे. तेव्हा जात विचारून कपबशी वेगळी काढत. आता उच्चार ऐकून गिऱ्हाईक वेगळं काढतात.

म्हणून मी पुन्हा आणि स्पष्ट सांगतो. दांडीचा पेला परका नाही. त्याच्यासारखी भांडी भाजणाऱ्या लोकांची वस्ती तुळजापूर गढीच्या मातीखाली आहे. तो दारूचा नाही. ज्यात दारू ओतली ती दारूची गोष्ट झाली, पेल्याची नाही. आणि तो निनावी तर मुळीच नाही. लिहिताना चषक लिहा, गाण्यात प्याला म्हणा, दुकानात दांडीचा गिलास मागा; तिन्ही मराठी आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. रिद्धपूरच्या विद्यापीठाने जवाहर गेटपासून अकोटच्या बाजारापर्यंत तांबट, कुंभार, भांडेवाले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांकडून भांड्यांची नावं उतरवून घ्यावीत, ही पिढी आहे तोवर घ्यावीत. लग्नाच्या कार्यालयांनी पाहुण्यांना पन्हं याच पेल्यात द्यावं. अन् दुकानदार भावांनो, काचेच्या कपाटावरची ती ‘गॉब्लेट’ची चिठ्ठी काढा आणि तिथे मोठ्या अक्षरांत लिहा, दांडीचे गिलास.